स्पेनमध्ये एकट्याने तापास खायचे असतील तर…

तापास म्हणजे बारमध्ये पेयासोबत खायचे छोटे छोटे पदार्थ. ते खायला गेलात की टेबल मागू नका, सरळ बारच्या काउंटरवर जा. तिथे एकटं उभं राहून खाणारे स्थानिकही असतात, त्यामुळे अवघडल्यासारखं होत नाही. शिवाय काचेमागचे पदार्थ समोरच दिसतात. नाव येत नसेल तर बोट दाखवायचं.

खरी अडचण प्रमाणाची. ‘रासिओन’ म्हणजे भरलेली बशी, दोघातिघांत वाटून खायची. एकट्याने ती मागवली की पोट तिथेच भरतं आणि बाकीचं नुसतं बघत बसावं लागतं. म्हणून ‘तापा’, म्हणजे एकट्यापुरता छोटासा भाग, मिळतो का ते विचारा, नाहीतर ‘मेदिया रासिओन’, म्हणजे अर्धी बशी. एका ठिकाणी एक-दोन पदार्थ खाऊन पुढच्या बारमध्ये जाणं ही तिथली रीतच आहे. ग्रानादा शहरात तर पेयासोबत एक तापा बहुतेक ठिकाणी फुकट येतो.

शाकाहाऱ्यांनी बटाट्याच्या ‘पातातास ब्राव्हास’वर किंवा तळलेल्या पाद्रोन नावाच्या सौम्य हिरव्या मिरच्यांवर भर द्यावा. (त्यातली एखादी झणझणीत निघते, पण आपल्याला काय त्याचं!) मिक्स सॅलडमध्ये मात्र ट्यूना मासा असू शकतो, आधी विचारा.

आणि रात्री साडेसातला जेवायला जाऊ नका, बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर साडेआठ-नऊशिवाय उघडत नाही.