लॉग पी, पॅच आणि जिभेखालची गोळी

एम.फार्म.च्या प्रोजेक्टसाठी मी स्विसएडीएमईवर, म्हणजे रेणूच्या रचनेवरून तो शरीरात कसा शोषला जाईल याचा अंदाज देणाऱ्या वेबसाइटवर, औषधी रेणूंची यादी टाकली आणि आलेल्या आकड्यांवरून प्रत्येकापुढे 'तोंडावाटे', 'त्वचेतून', 'जिभेखाली' असं लिहून मोकळी झाले. नायट्रोग्लिसरीनपाशी अडकले. त्याचा टीपीएसए, म्हणजे रेणूच्या ध्रुवीय पृष्ठभागाचा अंदाज, सुमारे 165 येतो. तोंडावाटे घेतलेलं औषध नीट शोषलं जाईल का, हे सांगणाऱ्या वेबरच्या नियमाची मर्यादा 140. मी लिहिलं, 'शोषण कमी'. व्हायवात सरांनी विचारलं, "मग छातीत दुखलं की पेशंट जिभेखाली काय ठेवतो?"

उत्तर घरी बसून शोधलं. हे गणित नायट्रेट गटांतला प्रत्येक ऑक्सिजन ध्रुवीय धरतं, पण ते ऑक्सिजन पाण्याशी हायड्रोजन बंध जेमतेमच करतात. रेणूभार 227, लॉग पी (रेणू पाण्यापेक्षा तेलात किती विरघळतो याचं माप) सुमारे 1.6, असा रेणू पटलातून सहज जातो. गिळला तर मात्र यकृतात पहिल्याच फेरीत बराचसा मोडतो, म्हणून जिभेखालची गोळी किंवा पॅच.

नवीन असाल तर पन्नास रेणू घेऊ नका, एक जोडी घ्या. मॉर्फिन आणि फेंटॅनिल ही दोन वेदनाशामकं घ्या, आणि त्वचेतून जाण्याच्या वेगाचा (केपी) अंदाज देणारं पॉट्स-गाय यांचं 1992 चं समीकरण कागदावर सोडवा: लॉग केपी = −6.3 + 0.71 × लॉग पी − 0.0061 × रेणूभार, एकक सेंमी प्रति सेकंद. मॉर्फिनचा लॉग पी 0.9, रेणूभार 285, उत्तर −7.4. फेंटॅनिलचे आकडे 4.05 आणि 336, उत्तर −5.5. रेणू जड असूनही त्वचेतून जाण्याचा वेग जवळपास ऐंशीपट! मला हे हाताने सोडवल्यावरच पटलं.

पण इथे थांबलात तर पॅच अर्धाच समजला. फेंटॅनिल मॉर्फिनच्या साधारण शंभरपट प्रभावी आहे, म्हणून ताशी 25 मायक्रोग्रॅम देणारा पॅचसुद्धा कामाचा ठरतो. मॉर्फिनला मिलिग्रॅम लागतात आणि त्वचा तेवढं आत सोडत नाही. डोसचा रकाना नसलेली तुलना मी आता वाचतच नाही.

लॉग पी मात्र सगळ्यांचा एकाच पद्धतीने काढलेला घ्या. स्विसएडीएमई पाच पद्धतींचे आकडे आणि त्यांची सरासरी देतं. एका रेणूला एक आणि दुसऱ्याला दुसरा आकडा घेतला की क्रमच बदलतो.

माझ्या एक्सेल शीटमध्ये 'यकृत' हा रकाना आहे. शोधनिबंध वाचून तो रकाना मी हातानेच भरते. त्यात पहिली नोंद प्रोप्रानोलॉल या रक्तदाबाच्या औषधाची: आतड्यातून जवळपास पूर्ण शोषण, रक्तात पोहोचतं साधारण 25 टक्के.