साडेसातची उपासना आणि पावणेआठचे आपण: या चुका टाळा

आमच्या चर्चची पहिली उपासना सकाळी साडेसातला. आम्ही राहतो जुळे सोलापुरात, चर्च रंगभवनाकडे. रविवारी त्या वेळी सात रस्ता चौकातसुद्धा गर्दी नसते. दुचाकीवर पंधरा मिनिटं म्हणजे फार झाली. तरी कितीतरी वर्षं आमचं घर दुसऱ्या गीताच्या सुमाराला चर्चच्या दारात उभं असायचं. धाकट्याच्या बुटाची लेस सुटलेली, सासूबाईंच्या हातात चष्म्याचं घर, आत चष्मा नाही.

यावर सगळे एकच सल्ला देतात: लवकर उठत जा. मला तो पटत नाही, आणि याला कारण ईस्टर. त्या दिवशी उपासना पहाटे साडेपाचला असते आणि अख्खी मंडळी वेळेवर हजर असते, आमच्यासकट. जे घर वर्षातून एकदा चार वाजता उठून अंधारात चर्च गाठतं, त्याला साडेसात का जमू नये? खोट झोपेत नाहीच. ईस्टरच्या आदल्या रात्री पांढरे कपडे इस्त्री होऊन टांगलेले असतात, मेणबत्त्या पिशवीत गेलेल्या असतात, कोण कुणाच्या गाडीवर बसणार हेही ठरलेलं असतं. एरवीच्या शनिवारी यातलं एकही काम झालेलं नसतं. म्हणून पहिली आणि सगळ्यात महाग चूक म्हणजे रविवारची तयारी रविवारी करणं. सासूबाई म्हणतात, बायबलातल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आधी संध्याकाळ होते, मग सकाळ; तुम्ही लोक दिवस उलटा धरता. आता शनिवारी जेवणं झाली की वीस मिनिटांत कपडे, मोजे, बायबल, गीतांचं पुस्तक आणि दानाचं पाकीट दाराजवळच्या खुर्चीवर जातं. दानाचे सुट्टे पैसेसुद्धा तेव्हाच. रविवारी सकाळी पाचशेची नोट घेऊन सुट्ट्यांसाठी दुकान शोधत फिरणं आम्ही केलेलं आहे.

दुसरी चूक हिशेबाची. आपण धरतो, साडेसातची उपासना, पंधरा मिनिटांचा रस्ता, म्हणजे सव्वासातला निघायचं. यात गाडी लावणं नाही, दारातल्या चार जणांना सलाम करणं नाही, जागा शोधून टेकणं नाही. उलटं मोजा. सात वीसला बाकावर बसायचं, म्हणून सात पंधराला फाटकात, म्हणून सातला गाडी चालू. आणि ‘निघणं’ हे काही क्षणात होत नाही. एकदा मी घड्याळ लावून पाहिलं. यांनी ‘चला’ म्हटल्यापासून दाराला कुलूप लागेपर्यंत अकरा मिनिटं गेली. सासूबाई रुमालासाठी आत गेल्या. मी गॅसचं रेग्युलेटर बंद केलं की नाही ते बघायला परतले, बंद होतं. मुलीला पाणी प्यायचं होतं. “आवरलं का बे तुझं?” असं यांनी धाकट्याला विचारलं तेव्हा तो एका बुटासाठी दिवाणाखाली पालथा पडला होता. गाडीची किल्ली कालच्या पँटच्या खिशात निघाली. यातलं कुठलंच काम मोठं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्याकडे ‘चला’ पावणेसातलाच म्हटलं जातं.

नाश्त्याचंही तसंच. रविवार म्हणून पोहे, इडली असा घाट सकाळीच घालू नका. मुलांना दूध-केळं द्या, शनिवारची कडक भाकरी आणि शेंगा चटणी घरात असतेच. चुरमुऱ्यांचा सुसला परत आल्यावर निवांत करा.

आता पाणी. सोलापुरात राहून वेळ पाळायची तर नळाला विसरून चालत नाही. आमच्या भागात चार दिवसांआड पाणी, म्हणजे दर पाचव्या दिवशी. आठवडा सात दिवसांचा. पाळी चुकली नाही तर दर ३५ दिवसांनी एक रविवार पाण्याचा निघतो, आणि पाळी पहाटेची असेल तर त्या रविवारी उपासनेचं गणित हमखास कोलमडतं. मोटर लावा, टाकी बघा, पिंप भरा, मग अंघोळी. पूर्वी हे दर वेळी अचानक आल्यासारखं वाटायचं. आता महिन्याच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर पाण्याच्या दिवसांपुढे ‘पा’ लिहिते. ‘पा’चा रविवार आला की मोठ्यांच्या अंघोळी शनिवारी रात्री, आणि नळाजवळ थांबणारा माणूस एकच. तो बाकीच्यांच्या मागून येतो. सगळ्यांनी मिळून बादल्यांभोवती उभं राहिल्याने पाणी लवकर येत नाही. पाळी पुढेमागे होते, तेव्हा शनिवारी शेजारी विचारून घ्यावं लागतं, ते वेगळं.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने येणारे पाहुणे हा आणखी एक सापळा. रात्री मुंबईहून निघालेली गाडी सकाळी साडेसहा-सातच्या सुमाराला सोलापुरात लागते. “स्टेशनवर या की भाऊजी, चर्चला सगळे बरोबरच जाऊ,” असा फोन आला की समजा उपासना गेली. गाडी थोडी उशिरा येते, पाहुण्याला चहा हवा असतो, अंघोळ हवी असते. पाहुण्याला रिक्षाने घरी येऊ द्या, किल्ली शेजारी ठेवा.

शेअर रिक्षावर अवलंबून असाल तर आठवड्याचा अंदाज रविवारी लावू नका. सीट भरल्याशिवाय रिक्षा हलत नाही आणि रविवारी सकाळी सीट लवकर भरत नाही. संक्रांतीच्या आसपास गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी शहरातले रस्ते वळवलेले असतात, तेव्हा आदल्या दिवशीचा पेपर बघून मार्ग ठरवा. जानेवारीत सूर्यही सातच्या आसपास उगवतो, जूनमध्ये सहाच्या आत. मे महिन्यात आपोआप जाग येते म्हणून थंडीत गजराशिवाय राहू नका.

रात्रपाळीवाल्यांना मात्र माझं हे काही लागू नाही. एमआयडीसीतून सातला सुटलेल्या माणसाने डोळे चोळत साडेसातच्या बाकावर बसून उपदेशात डुलक्या घेण्यापेक्षा झोप काढून संध्याकाळच्या उपासनेला यावं. कुणी नाकं मुरडली तर मुरडू द्या.

इतकं करूनही उशीर झाला, तर तिथे आणखी चुका करू नका. प्रार्थना किंवा शास्त्रवाचन चालू असेल तर दाराबाहेरच थांबा; गीत सुरू होऊन सगळे उभे राहिले की आत शिरा आणि मागचं बाक धरा. पुढे आपल्या ‘नेहमीच्या’ जागेपर्यंत पाच जणांचे गुडघे ओलांडत जाऊ नका. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकरी-द्राक्षरसाचा विधी असतो, त्या दिवशी तरी पापकबुलीच्या प्रार्थनेआधी पोहोचायची धडपड करा. आणि उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना गाठून कारण सांगत बसू नका. पाण्याचं कारण त्यांनी ऐकलेलं असतं, बहुतेक तुमच्याचकडून.