नागपूरहून युरोपला कॉन्फरन्सला जाताय? मग एवढं बघाच

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून टाकता येतो, शेवटची मुदत प्रवासाच्या 15 दिवस आधीची, पण तोवर अजिबात थांबू नका. आयोजकांकडून इन्व्हिटेशन लेटर घेताना नाव पासपोर्टवर आहे तस्संच घालायला सांगा, आपल्याकडे मधे वडिलांचं नाव असतं ना, ते तिकडे हमखास गाळतात, आणि राहण्याचा खर्च कोण करणार तेही त्यातच लिहून घ्या. ट्रॅव्हल मेडिकल इन्शुरन्स किमान 30,000 युरो कव्हरचा लागतो. लेटर, हॉटेल बुकिंग, रिटर्न तिकीट याच्या प्रिंट हँडबॅगेतच ठेवा, कारण इमिग्रेशन आधी होतं आणि चेक-इन बॅग नंतर मिळते. आणि हो, तिकडच्या मंडळींसाठी खव्याची संत्रा बर्फी नेऊ नका भाऊ, दुधाचे पदार्थ कस्टम्सवाले काढून घेतात, ताजी संत्रीही सर्टिफिकेटशिवाय चालत नाहीत.