कामाची आकृती: फ्लोचार्ट, पट्टे की बीपीएमएन?

आकृती नेमक्या कोणत्या प्रश्नासाठी काढायची, ते आधी ठरवा. नाहीतर विझिओ (आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर) उघडून चाळीस चौकोनांचं जाळं विणलं जातं आणि ते विणणाऱ्याशिवाय कुणालाच वाचता येत नाही.

कारखान्यातल्या पुरवठादाराच्या बिलाचं उदाहरण घेऊ. स्टोअर माल उतरवून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करतं, क्वालिटी तपासणी करते, खरेदी विभाग पीओशी (खरेदी ऑर्डरशी) दर ताडतो, अकाउंट्स पैसे सोडतं.

नव्या माणसाला पायऱ्या शिकवायच्या असतील तर साधा फ्लोचार्ट पुरे. काम चौकोनात, निर्णय शंकरपाळीत. शंकरपाळीतून निघणाऱ्या प्रत्येक बाणावर 'हो' किंवा 'नाही' लिहा. दर जुळला नाही तर बिल कुणाकडे जातं? हा 'नाही'चा बाणच बहुतेक आकृत्यांत हवेत सुटलेला असतो.

'बिल तुमच्याकडेच पडलं होतं' असा वाद असेल तर पट्ट्यांची आकृती, म्हणजे स्विमलेन. दर विभागाला एक आडवा पट्टा. नाव हुद्द्याचं, माणसाचं नाही. बाण पट्टा ओलांडतो तिथे काम हातातून हातात जातं, आणि अडतंही बहुधा तिथेच. एसओपीत, म्हणजे ठरवून दिलेल्या लेखी कार्यपद्धतीत, लिहिलंय ते नको, प्रत्यक्षात चालतं ते काढा. आधी चिकटचिठ्ठ्यांवर, त्या त्या पट्ट्यातल्या माणसाला समोर बसवून.

उशिराचा प्रश्न असेल तर व्हॅल्यू स्ट्रीम मॅप, म्हणजे वेळ कुठे जातो ते दाखवणारा नकाशा. प्रत्येक पायरीखाली दोन आकडे हवेत: प्रत्यक्ष कामाचा वेळ आणि नुसतं पडून राहिल्याचा वेळ. हे आकडे तोंडी विचारू नका. मागच्या दहा-पंधरा बिलांवरच्या आवक शिक्क्यांवरून काढा. पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर लेखी करार असूनही पैसे देण्यासाठी कायद्याने ४५ दिवसांपलीकडे जाता येत नाही, करार नसेल तर १५. मुदत माल स्वीकारल्यापासून धावते, बिल अकाउंट्सच्या टेबलावर आल्यापासून नाही. म्हणून नकाशाही तिथूनच सुरू करा.

बीपीएमएन, म्हणजे कामाच्या आकृत्यांची प्रमाणित चिन्हभाषा, तेव्हाच घ्या, जेव्हा आकृतीवरून सॉफ्टवेअर चालवायचं असेल. आवृत्ती २.० २०११ची, २०१३ साली ती आयएसओ मानकही झाली. पुरवठादार वेगळ्या पूलमध्ये, म्हणजे त्या संस्थेच्या स्वतंत्र चौकटीत, ठेवा. दोन पूलांमध्ये फक्त तुटक रेषेचा संदेश-बाण चालतो, सलग बाण नाही. शंकरपाळीतलं × म्हणजे एकच वाट, + म्हणजे सगळ्या वाटा एकदम. क्वालिटी आणि दर-तपासणी + ने फोडून × ने जोडलीत तर पुढची पायरी दोनदा चालते, म्हणजे पेमेंटही दोनदा. × ने फोडून + ने जोडलीत तर न येणाऱ्या दुसऱ्या वाटेची वाट बघत बिल कायमचं अडकतं.