पेठेच्या संघासोबत बाकावर बसणाऱ्या नव्या फिजिओसाठी

फिजिओथेरपीची पदवी मिळाली आणि कोल्हापुरात पेठेतल्या तालमीनं आपल्या फुटबॉल संघासाठी बोलावलं, तर आधी घोटा बांधण्यात हात बसवा. इतके सीझन बाकावर काढल्यावर सांगतो, सगळ्यात जास्त काम तुम्हाला तेच पडणार. एप्रिलात शाहू स्टेडियमची जमीन टणक होते. पाऊल आत वळतं आणि बाहेरच्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडं जोडणारा बंध, ताणतं.

पोराला टेबलावर बसवा, पाऊल काटकोनात धरायला सांगा. गप्पांच्या नादात पाऊल खाली झुकलं की टेप सैल बसणार, म्हणून नजर तिथंच ठेवा. कातडी कोरडी हवी. टाचेमागं आणि पावलाच्या वरच्या वळणावर व्हॅसलीन लावलेलं गॉज ठेवा, नाहीतर फोड येतात. टेप 3.8 सेंटिमीटर रुंदीची, न ताणणारी. पोटरीच्या खालच्या टोकाला दोन वेढे घ्या. मग आतल्या बाजूनं सुरू करून टाचेखालून बाहेरच्या बाजूला वर ओढत तीन पट्ट्या लावा, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर अर्धी चढलेली. दिशा उलटी झाली तर पाऊल आत वळायला उलट मदतच होते. त्यावर आठच्या आकड्यासारखा वेढा, टाच दोन्ही बाजूंनी अडकवणारे वेढे, आणि वरून बंद करा. शेवटी पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोन सेकंदांत ते परत गुलाबी झालं नाही, तर सगळं कापून पुन्हा बांधा.

पळण्यानं आणि घामानं टेप लवकर सैलावते, हाफटाइमला तपासाच. फक्त टेपवर विसंबूही नका. दुखापती टाळण्यासाठीचा फिफाचा ‘11+’ नावाचा वॉर्मअप वीस मिनिटांचा आहे. त्यातला ताकदीचा आणि एका पायावर तोल धरण्याचा भाग पोरं टाळतात, तो करून घ्या.

पोरगं पडलं तर रेफरीनं खूण केल्याशिवाय आत जाऊ नका. दुखऱ्या घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही हाडांची मागची कड, खालचे सहा सेंटिमीटर, दाबून बघा. करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेवरचं उंचवट्याचं हाड आणि आतल्या बाजूचं कमानीवरचं हाडही दाबा. तिथं दुखलं किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. थंड स्प्रेनं वेदना फक्त झाकली जाते, फाटलेलं लिगामेंट फाटलेलंच राहतं. डोक्याला मार लागून पोरगं जरा जरी गोंधळलेलं दिसलं, तर त्या दिवशी त्याला परत खेळवायचं नाही.

तालमीतले वस्ताद प्रेमानं तेल लावून चोळायला सांगतील. त्यांच्या हाताबद्दल मला मनापासून आदर आहे, पण ताज्या मुरगळीवर पहिले दोन-तीन दिवस चोळल्यानं सूज वाढते. हे त्यांना नीट समजावून सांगा, ते ऐकतात. तोवर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दाबपट्टी, आणि पाय उशीवर उंच.

आणि हे सीझनच्या आधी करा: मंडळाचे पदाधिकारी, कोच आणि कॅप्टन यांना एकत्र बसवून ठरवून घ्या की जखमी खेळाडू परत उतरेल की नाही, याचा शब्द तुमचा. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींमधल्यासारख्या मॅचला गॅलरी भरलेली असते, स्कोअर बरोबरीत असतो आणि पोरगं स्वतःच हात जोडून ‘सोडा मला’ म्हणतं. त्या वेळी वाद घालायला कुणालाच सवड नसते. त्याला बाकामागं दुखऱ्या पायावर उड्या मारायला लावा, मग तिरकं पळवा. लंगडला तर बूट काढून घ्या आणि कोचला लगेच बदली खेळाडू तयार करायला सांगा.