जपानी सणांचे शब्द आणि जानेवारीतला वसंत

जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेत एन-फोर पातळीपर्यंत पोचला असाल तर ओशोगात्सु, हिनामात्सुरी, तानाबाता, ओबोन हे शब्द कानावरून गेलेले असणारच. अनुक्रमे नववर्ष, मुलींचा बाहुल्यांचा सण, ताऱ्यांचा सण आणि पितरांचा सण, एवढंच सांगतो; सविस्तर अर्थ इथे देत बसत नाही, कुठल्याही ॲपमध्ये मिळतात. खरी पंचाईत पुढे होते. शब्द पाठ असतो, पण तो कधी वापरायचा ते उमगत नाही. एन-थ्रीच्या, म्हणजे पुढच्या पातळीच्या अभ्यासात माझं घोडं इथेच अडलं होतं, म्हणून याच मुद्द्यावर पाल्हाळ लावणार आहे.

सगळी भानगड पंचांगाची. जपानने जुनं चांद्र-सौर पंचांग सोडलं आणि मेइजी सम्राटाच्या कारकिर्दीतल्या ५ व्या सालच्या बाराव्या महिन्याचा तिसरा दिवस हाच १ जानेवारी १८७३ ठरवला. बहुतेक सणांचे आकडे तेच ठेवले, त्यामुळे ते ऋतूच्या मानाने महिनाभर अलीकडे आले. भाद्रपद सहावा महिना, म्हणून गणेश चतुर्थी कायमची ४ जूनला नेऊन ठेवली तर काय होईल, तसलाच प्रकार. जपानमध्ये फरक याहून कमी, एवढंच.

म्हणून १ जानेवारीच्या शुभेच्छापत्रावर कडाक्याच्या थंडीत ‘गेइशुन’, म्हणजे वसंताचं स्वागत, असं छापलेलं असतं. ‘सामिदारे’ या पावसाच्या शब्दाच्या कांजीत (चिनी चित्राक्षरांत) पाचवा महिना आहे, पण तो पाऊस जूनचा. ७ जुलैचा तानाबाता बऱ्याच ठिकाणी पावसाळी ढगांत जातो, तरी हायकूच्या परंपरेत तो शरद ऋतूचा शब्द. सेंदाई शहराचा प्रसिद्ध तानाबाता तर ६ ते ८ ऑगस्टला असतो. ओबोनचं आणखी वेगळं: तोक्योच्या काही भागांत जुलैच्या मध्यावर, बहुतेक देशात १३ ते १६ ऑगस्टच्या सुमारास, आणि ओकिनावात आजही जुन्या पंचांगाप्रमाणे. फ्लॅशकार्डावर ‘ओबोन = ऑगस्ट’ लिहून मोकळे झालात तर फसलात.

आता एक उदाहरण जवळून बघा. उन्हाळ्यात सेन्सेईंना (शिक्षकांना) खुशालीचं पत्र पाठवायचं आहे. त्याला ‘शोच्यू मिमाई’ म्हणतात, पण फक्त ७-८ ऑगस्टच्या ‘रिश्श्यू’पर्यंत. त्या दिवशी पंचांगाने शरद लागतो. मग १५ ऑगस्टला पारा ३५ अंशांवर असला, घामाच्या धारा लागलेल्या असल्या, तरी पत्रावर ‘झान्शो मिमाई’ लिहायचं. झान्शो म्हणजे उरलेला उकाडा. बाहेरचं ऊन बघून शब्द निवडू नका, तारीख बघा. रिश्शुन (४ फेब्रुवारीच्या आसपास), रिक्का (५-६ मे), रिश्श्यू आणि रित्तो (७-८ नोव्हेंबर) हे वसंत, उन्हाळा, शरद आणि हिवाळा लागण्याचे चार दिवस डोक्यात ठेवा. चोवीसच्या चोवीस ‘सेक्की’ (वर्षाचे ऋतुमानानुसार पाडलेले भाग) घोकायची गरज नाही, घाबरू नका. सेत्सुबुन हा सण रिश्शुनच्या आदल्या दिवशी येतो. तो एरवी ३ फेब्रुवारीला असतो, पण २०२१ आणि २०२५ मध्ये २ तारखेला आला, तेही यामुळेच.

‘एन-थ्रीचे सर्व शब्द’ म्हणून ज्या पीडीएफ फिरतात, त्यांच्यावर माझा काडीचाही विश्वास नाही. २०१० मध्ये परीक्षेचं स्वरूप बदललं, तेव्हापासून जेएलपीटी शब्दांची अधिकृत यादी देतच नाही. ‘आधी पाठ करा, पुढे आपोआप कळेल’ म्हणणारे शिक्षकही मला पटत नाहीत. सणांच्या बाबतीत आपोआप काहीही कळत नाही. त्यापेक्षा एखादं जपानी भिंतीवरचं कॅलेंडर मिळवा आणि रोज वाचा. त्यात लगेच दिसेल की हिनामात्सुरी, तानाबाता, ओबोन, शिचिगोसान (तीन, पाच, सात वर्षांच्या मुलांचा सण) यांतला एकही दिवस ‘श्युकुजित्सु’ नाही, म्हणजे सरकारी सुट्टी नाही. ओबोनला कंपन्या बंद असतात ती रीत म्हणून.

आपल्याकडे पितृपक्ष असल्यामुळे ओबोनमागची भावना तुम्हाला पटकन कळेल, त्या बाबतीत मराठी माणूस नशीबवान.

नववर्षाचं मात्र सांभाळा. ३१ डिसेंबरपर्यंत ‘योइ ओतोशी ओ’ (येणारं वर्ष चांगलं जावो), आणि ‘आकेमाशिते ओमेदेतो’ (नववर्षाच्या शुभेच्छा) १ जानेवारी उजाडल्यावरच. ज्यांच्याकडून वर्षअखेरीस ‘मोच्यू’चं, म्हणजे घरात दुखवटा असल्याचं कार्ड आलंय, त्यांना नववर्षाचं शुभेच्छापत्र पाठवायचं नसतं.