अर्धवट बांधलेले विमान विकत घेताना या चुका टाळा

हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचे काम करणारा कारागीर म्हणून नोकरी केल्यानंतर मी कराडला स्थायिक झालो. घरी विमान बांधण्याचा नाद असलेली माणसे आपल्याकडे मोजकीच आहेत. पण कुणी अर्धवट सोडलेले विमान स्वस्तात मिळाले की ती मला फोन करतात, आणि हा फोन बहुतेक वेळा पैसे देऊन झाल्यावर येतो.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे 'नव्वद टक्के काम झाले आहे' या शब्दांवर भरवसा ठेवणे. धड उभे राहिले आणि त्याला पंख लागले की डोळ्यांना विमान दिसू लागते; मात्र इंजिनाची बसवणी, इंधनाच्या नळ्या, वायरिंग, उपकरणे आणि वजनाचा तोल हे सारे त्या उरलेल्या दहा टक्क्यांत दडलेले असते, आणि वेळ त्यातच जातो. त्याहून वाईट म्हणजे झालेल्या कामापैकी बरेचसे पत्र्याआड बंद झालेले असते.

मिरज एमआयडीसीत स्वतःचे वर्कशॉप असलेल्या एका तरुणाने दोन आसनी, पूर्ण धातूचे, अर्धवट जोडलेले किट (सुट्या भागांच्या संचातून घरी जोडायचे विमान) दक्षिणेतून ट्रकने आणले. पंख बंद केलेले होते आणि त्यांवर सुंदर पांढरा रंग होता. मागच्या स्पारच्या, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या तुळईच्या जोडाजवळील तपासणीच्या झरोक्यातून मी दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा आरसा आणि टॉर्च आत घातली, तेव्हा रिव्हेटांची (पत्रे जोडण्यासाठी ठोकून बसवायच्या खिळ्यांची) एक अख्खी रांग बिंदीसारखी चपटी झालेली दिसली. एक अष्टमांश इंची रिव्हेटचे ठोकलेले डोके साधारण 4.8 मिलिमीटर रुंद आणि 1.6 मिलिमीटर उंच असावे लागते; येथे उंची त्याच्या निम्मीही नव्हती. "काका, वरून तर एकही खूण दिसत नाही," असे तो म्हणाला, आणि ते खरेच होते. खालचा पत्रा उघडल्यावर एका पट्टीत भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत जेमतेम चार मिलिमीटर अंतर निघाले. हे अंतर रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट, म्हणजे 6.4 मिलिमीटर हवे. कमी असेल तर धातू कडेने फाटतो. चुकीचे रिव्हेट ड्रिलने काढून पुन्हा ठोकता येतात, पण कडेला गेलेले भोक मागे सरकवता येत नाही, त्यामुळे ती पट्टी नव्यानेच करावी लागली. पंख पुन्हा बंद करायला दिवाळी उजाडली.

तेव्हापासून माझा नियम असा आहे, की ज्या बंद पंखाचे आतले फोटो आणि तारीखवार नोंदवही नाही, तो पंख बांधलेलाच नाही असे धरून किंमत ठरवायची.

दुसरी चूक पाहिली की मला खरोखर संताप येतो, आणि ती म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातले बोल्ट. 'एट पॉइंट एट ग्रेडचा आहे, ताकद तेवढीच आहे' असे मला सांगितले जाते. प्रश्न केवळ ताकदीचा नाही. विमानाच्या बोल्टचा आट्यांविना गुळगुळीत भाग जोडाच्या जाडीएवढा निवडलेला असतो, म्हणजे भार त्या गुळगुळीत दांड्यावर येतो. दुकानातला बोल्ट पुष्कळदा डोक्यापर्यंत आट्यांचा असतो, आणि कंपनाबरोबर त्या आट्या कानशीप्रमाणे भोक खात राहतात. शिवाय 3/16 इंची, म्हणजे 4.76 मिलिमीटरच्या भोकात पाच मिलिमीटरचा बोल्ट जात नाही म्हणून घाईची माणसे भोकच वाढवतात. विकत घेतलेल्या विमानातील प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरची खूण मी भिंगाने पाहतो. फुली किंवा चांदणी नसेल आणि त्याची पावतीही नसेल, तर तो बोल्ट काढून टाकतो.

नायलॉनची लॉकनट बोटांनी सहज फिरू लागली की ती टाकून द्यावी, आणि इंजिनाजवळच्या उष्ण जागी ती मुळीच वापरू नये. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असते आणि छोट्या विमानांच्या रोटॅक्स 912 इंजिनाला 10 टक्क्यांपर्यंतचेच चालते. जुन्या रबरी नळ्या आणि फायबरची टाकी इथेनॉलने मऊ पडू शकते, हेही ध्यानात ठेवावे. इपॉक्सीचे काम साताऱ्याच्या पावसाळ्यात काढू नये. पिटो नळीवर (हवेच्या दाबावरून वेग मोजणाऱ्या नळीवर) टोपी ठेवावी, कारण कुंभारमाशी एका दुपारीत तिचे तोंड मातीने बुजवते.

कागदपत्रांबाबत अमेरिकेतील व्हिडिओ पाहून निष्कर्ष काढू नयेत. तेथे हौशी बांधणीच्या विमानाची देखभाल मालकाला करता येते, तरी वार्षिक तपासणीवर सही करण्याचा अधिकार परवानाधारक मेकॅनिककडे किंवा त्यासाठीचे प्रमाणपत्र मिळालेल्या मूळ बांधणाऱ्याकडेच असतो. विमान विकले म्हणून ते प्रमाणपत्र नव्या मालकाकडे जात नाही. आपल्याकडे नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी डीजीसीएकडूनच, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडूनच घ्यावी लागते. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची नोंदणी 2017 मध्ये झाली आणि उड्डाणाची परवानगी 2019 मध्ये मिळाली. त्या विमानाचे फोटो सर्वांना आठवतात, मधली वर्षे कुणी मोजत नाही. म्हणून इसार देण्यापूर्वीच मूळ मालकाची नोंदवही, किटची पावती आणि विक्रीचा कागद मागून घ्यावा.

देखभाल स्वतः करणाऱ्यांना माझी एक सवय सांगतो. टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळता येणाऱ्या पान्याने) बोल्ट आवळला की लगेच नट आणि पत्रा यांवरून लाल रंगाची एकच रेघ ओढावी. पुढच्या तपासणीत रेघ तुटलेली दिसली, तर नट सरकली आहे असे समजावे. मधेच फोन आला किंवा कुणी हाक मारली, तर ती रांग पहिल्या बोल्टपासून पुन्हा तपासावी.